प्राणवायूची टंचाई आणि दुबळे होणारे स्नायू

मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावणारी तापी नदी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांची भूमी भिजवीत गुजरातेत शिरते व सुरत शहराला वळसा घालून समुद्रास मिळते. याच शहराच्या उत्तर भागात, नदीकाठालगत कतारगाम वसलेले आहे. एकेकाळी कतारगामची ख्याती तेथील पापडीच्या शेंगांसाठी होती. हिवाळ्यातील उंधियू तिच्यावाचून पुरा होत नसे. आज त्या वाड्यांच्या जागी हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने उभे आहेत. 'घंटी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या चकतीभोवती कारागीर मान खाली घालून, खांदे पुढे झुकवून तासन्‌तास बसलेले असतात. हे कारागीर प्रामुख्याने सौराष्ट्रातून आलेले आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकास उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत, रेल्वेच्या सुरत-भुसावळ मार्गाने पोटापाण्यासाठी आलेली खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे यंत्रमागावर व कापडाच्या व्यवसायात राबत आहेत.

अशा कष्टकरी वस्तीत थकवा ही नित्याची बाब होय. दिवसभर बसून पाठ अवघडते, खांदे भरून येतात आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रार करीत नाही. परंतु याच सवयीमुळे एक गंभीर आजार अनेकदा महिनोन्‌महिने नजरेआड राहण्याचा संभव असतो. प्रत्येक अशक्तपणा हा थकवा नसतो. क्वचित प्रसंगी तो स्नायूंच्या दाहाचा आरंभ असतो. या रोगात स्नायूंना प्राणवायूची टंचाई कशी भासते आणि त्या टंचाईमुळे पेशींतील जनुकांचे कार्य कसे बदलते, याविषयी गेल्या काही दशकांत महत्त्वाचे संशोधन झाले आहे. त्याचा परिचय सामान्य वाचकांस करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

थकवा आणि दुबळेपणा

थकलेला मनुष्य विश्रांती घेतली की पुन्हा पूर्ववत होतो. रात्रीची झोप झाली की सकाळी त्याचे हातपाय चालू लागतात. स्नायुदाहाच्या रोग्याचे तसे होत नाही. त्याचा दुबळेपणा आठवड्यागणिक वाढत जातो आणि तो विशेषेकरून खांदे, दंड, कंबर व मांड्या यांच्या स्नायूंत दोन्ही बाजूंस सारखाच जाणवतो. हाताच्या बोटांची पकड बहुधा शाबूत असते. म्हणून घंटीवर हिरा धरता येतो, सुईत दोरा ओवता येतो, परंतु जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकावे लागतात. फळीवरचा डबा काढता येत नाही. स्त्रियांना वेणी घालताना हात वर धरवत नाही. जिना चढणे, बसमध्ये पाय टाकणे, शौचास बसून उठणे ही साधी कामे अवघड होतात.

दुखणे हे या रोगाचे मुख्य लक्षण नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या खेड्यापाड्यांत अंगदुखी व सांधेदुखी सर्वत्र आढळते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली जी पाहणी सुरू झाली, तीत चार हजारांहून अधिक प्रौढ ग्रामस्थांची विचारपूस करण्यात आली आणि शेकडा अठराच्या सुमारास लोकांना सांधे, स्नायू व हाडे यांच्या तक्रारी असल्याचे आढळले. या तक्रारींपैकी बहुतेक कष्टाच्या, वयोमानाच्या किंवा सांध्यांच्या असतात. स्नायुदाह हा त्यामानाने विरळा रोग आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून एक लाख लोकवस्तीत त्याचे दोनपासून चौतीसपर्यंत रुग्ण असावेत असे दिसते. तथापि विरळा असला तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कारण वेळीच उपचार झाले तर पुष्कळ रुग्ण पुन्हा कामावर जाऊ शकतात आणि वेळ दवडला तर गेलेले स्नायू परत येत नाहीत.

रोगाचा पूर्वेतिहास

जर्मन वैद्य एर्न्स्ट वॅग्नर यांनी १८६३ साली या रोगाचे वर्णन प्रथम केले. १८९१ मध्ये हाइन्रिख उन्‌फेरिख्ट यांनी त्वचा व स्नायू या दोहोंना ग्रासणाऱ्या प्रकारास 'डर्मॅटोमायोसायटिस' हे नाव दिले. मराठीत त्यास त्वचा-स्नायुदाह म्हणता येईल. १९७५ साली बोहन आणि पीटर या अमेरिकन वैद्यांनी निदानाचे निकष घालून दिले व पुढील चार दशके जगभर तेच वापरात राहिले. २०१७ मध्ये युरोप व अमेरिकेतील संधिवात-तज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून नवे निकष प्रसिद्ध केले.

या रोगाचे अनेक प्रकार आहेत. त्वचा-स्नायुदाहात पापण्यांवर जांभळट छटा येते, बोटांच्या पेरांवर, कोपरांवर व गुडघ्यांवर खरबरीत चट्टे उठतात. सावळ्या त्वचेवर हे चट्टे लाल न दिसता काळपट किंवा तपकिरी दिसतात व त्यामुळे ते ऊन लागल्याचे वा खरजेचे समजले जातात. दुसऱ्या एका प्रकारात फुप्फुसे विशेष बाधित होतात. उतारवयात आढळणाऱ्या आणखी एका प्रकारात मांडीचे आणि बोटे मिटणारे स्नायू हळूहळू क्षीण होतात व नेहमीची औषधे त्यावर फारशी चालत नाहीत. हा रोग लहान मुलांनाही होतो.

२०१६ साली प्रदर्शित झालेल्या 'दंगल' या चित्रपटातील बालकलाकार सुहानी भटनागर हिचे फेब्रुवारी २०२४ मध्ये वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी त्वचा-स्नायुदाहाने निधन झाले, तेव्हा या रोगाचे नाव देशातील अनेक घरांत प्रथमच ऐकू आले.

हा रोग संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याचे कपडे वापरल्याने किंवा त्याच्याशेजारी बसल्याने तो दुसऱ्यास होत नाही. करणी, भानामती वा पूर्वजन्मीचे पाप यांच्याशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा चुकीने स्वतःच्याच स्नायूंवर व रक्तवाहिन्यांवर उलटते, यामुळे तो उद्भवतो.

चारीच्या टोकाचे शेत

मनुष्याच्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येक स्नायू हा केसासारख्या बारीक तंतूंचा बनलेला असून हे तंतू पेंढीतील काड्यांप्रमाणे जुड्यांनी बांधलेले असतात. तंतूंच्या मधून अतिसूक्ष्म केशवाहिन्या जातात. रक्तातील प्राणवायू याच वाहिन्यांतून तंतूंना मिळतो आणि त्याच्या साहाय्याने अन्नातील साखर व स्निग्धांश जाळून तंतू शक्ती निर्माण करतात.

कालव्याखालील शेती करणाऱ्यांना हे समजण्यास अवघड जाणार नाही. मुख्य कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत व चारीतून शेतात पाणी येते. चाऱ्या फुटल्या किंवा गाळाने बुजल्या, तर धरण तुडुंब भरलेले असूनही टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. पहिल्याने वाळते ते टोकाचेच पीक. त्वचा-स्नायुदाहात नेमके असेच घडते. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूचा तुकडा पाहिला असता जुडीच्या मध्यभागचे तंतू पुष्कळसे ठीक असतात, परंतु कडेचे तंतू सुकून बारीक झालेले दिसतात. कडेच्या तंतूंचे असे सुकणे ही या रोगाची ओळखखूणच मानली जाते.

चाऱ्या कोणी फोडल्या, याचाही शोध लागला आहे. १९८६ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखविले की, जंतूंना भोके पाडून मारण्यासाठी शरीरात जी प्रथिनांची साखळी असते, ती या रुग्णांत केशवाहिन्यांच्या भिंतींवरच साचलेली असते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, तंतूंची हानी डोळ्यांस दिसण्यापूर्वीच केशवाहिन्यांची संख्या घटू लागते असे आढळले. म्हणजेच शेत वाळण्याच्या आधी चारी फुटलेली असते. पुढे स्वीडनमधील संशोधकांना स्नायुदाहाच्या इतर रुग्णांतही, स्नायूत दाहक पेशी फारशा दिसत नसताना, केशवाहिन्या कमी झालेल्या आढळल्या. सूज ओसरल्यावरही काही रुग्णांचा दुबळेपणा का टिकून राहतो, या जुन्या कोड्यावर या निष्कर्षांनी थोडा प्रकाश पडला.

जनुकांचे दप्तर

प्राणवायू कमी पडल्यावर पेशी काय करते, हे समजून घेण्यासाठी जनुकांची ओळख आवश्यक आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात एक संपूर्ण दप्तर ठेवलेले असते. त्यात प्रथिने घडविण्याच्या सूचना असलेली सुमारे वीस हजार पाने असतात. ही पाने म्हणजेच जनुके. स्नायूच्या पेशीत जे दप्तर असते, तेच यकृताच्या व त्वचेच्या पेशीतही असते. फरक असतो तो कोणते पान उघडले जाते यात.

मूळ दप्तर कचेरीबाहेर नेता येत नाही, हे तलाठी कार्यालयात जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ज्या पानाची गरज असेल त्याची नक्कल काढून दिली जाते व पुढील काम त्या नकलेवर चालते. पेशीतही तसेच होते. जनुकाची नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते आणि तिच्यानुसार प्रथिन तयार होते. जनुकातील सूचना अशा रीतीने कार्यास लागणे, यालाच शास्त्रज्ञ जनुकाभिव्यक्ती म्हणतात. नकला अधिक निघाल्या तर ते प्रथिन सामान्यतः अधिक बनते. नकला थांबल्या तर ते घटते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो जनुकांच्या नकला एकाच वेळी मोजण्याची तंत्रे हाती आली. जणू कचेरीची आवक-जावक नोंदवहीच संशोधकांसमोर उघडली गेली. कोणत्या पानाच्या किती नकला निघाल्या हे पाहून त्या कचेरीत काय गडबड चालली आहे, याचा अंदाज बांधता येऊ लागला. स्नायुदाहाच्या रुग्णांच्या स्नायूंचे छोटे तुकडे याच पद्धतीने तपासण्यात आले.

टंचाईचा आदेश

प्राणवायूची टंचाई पेशीला कशी कळते, हा शोध लावल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्यांनी उलगडलेली यंत्रणा मोठी शिस्तबद्ध आहे.

पेशी 'हिफ' या संक्षिप्त नावाचे एक प्रथिन सतत तयार करीत असते. प्राणवायू पुरेसा असेल तोवर त्या प्रथिनावर एक रासायनिक खूण उमटविली जाते आणि ती खूण पाहून पेशी त्याचा तत्काळ नाश करते. खूण उमटविण्यासाठी प्राणवायूच लागतो. म्हणून प्राणवायू कमी पडला की खूण उमटत नाही, प्रथिन नाश पावत नाही आणि ते केंद्रकात जाऊन ठराविक जनुकांच्या नकला काढावयास लावते. टंचाई निवारणाचा आदेश रोज लिहिला जावा, पाणी आल्याचे कळताच रोज फाडून टाकला जावा आणि ज्या दिवशी पाणी येणार नाही त्या दिवशी तो आपोआप लागू व्हावा, अशीच ही व्यवस्था आहे.

या आदेशाने तीन प्रकारची कामे सुरू होतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून संदेश धाडले जातात. प्राणवायूवाचून साखर वापरण्याची यंत्रणा जोरात चालू केली जाते. मूत्रपिंडात रक्तपेशी वाढविणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती वाढते. ही व्यवस्था मुळात हितकारक आहे. उंच डोंगरावर राहणाऱ्यांना किंवा धावण्याचा सराव करणाऱ्यांना तिचाच उपयोग होतो. परंतु टंचाई दीर्घकाळ चालली तर तात्पुरत्या उपायांवर संसार चालत नाही. प्राणवायूवाचून साखर वापरली असता तीतून फारच थोडी शक्ती मिळते. १९९० च्या दशकात चुंबकीय तंत्राने केलेल्या मोजणीत त्वचा-स्नायुदाहाच्या रुग्णांच्या मांड्यांतील शक्तीचा साठा विश्रांतीच्या अवस्थेतही कमी आढळला होता. जिन्याच्या दोन पायऱ्यांतच पाय का थकतात, याचे एक कारण यात आहे.

इंटरफेरॉन आणि दुष्टचक्र

नोंदवही तपासताना आणखी एक गोष्ट उघडकीस आली. २००५ साली अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्वचा-स्नायुदाहाच्या स्नायूंत सर्वाधिक वाढलेल्या जनुकांपैकी बहुसंख्य जनुके इंटरफेरॉन या पदार्थाच्या हुकमतीखाली चालणारी असल्याचे दिसून आले. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरल्याची दवंडी पिटणारा पदार्थ. शेजारच्या पेशींनी सावध व्हावे म्हणून तो सोडला जातो. या रुग्णांत विषाणू सापडत नसतानाही दवंडी मात्र अखंड चालू होती आणि तिचा परिणाम जुडीच्या कडेच्या तंतूंत व केशवाहिन्यांत, म्हणजे जेथे हानी अधिक तेथेच, ठळकपणे दिसत होता.

टंचाई आणि दवंडी या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न झाला. २०१७ मध्ये स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी स्नायुपेशींना कमी प्राणवायूत ठेवून पाहिले. तेव्हा विषाणूंचा सुगावा घेणारे एक प्रथिन त्या पेशींत वाढले व पेशी इंटरफेरॉन बनवू लागल्या, असे त्यांना आढळले. यावरून एका दुष्टचक्राची कल्पना पुढे आली. केशवाहिन्या नष्ट होतात, त्यामुळे प्राणवायू कमी पडतो. प्राणवायू कमी पडल्याने इंटरफेरॉन वाढते. वाढलेले इंटरफेरॉन तंतूंना व केशवाहिन्यांना पुन्हा अपाय करते.

या चक्राचा आरंभ कोठून होतो, याबाबत शास्त्रज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते केशवाहिन्यांवरील आघात हे मूळ होय. काहींच्या मते इंटरफेरॉनच प्रथम उसळते व टंचाई हा त्याचा परिणाम आहे. हा वाद केवळ पंडितांचा नाही. चक्र कोठे तोडावे आणि कोणते औषध शोधावे, हे त्यावर अवलंबून आहे. इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत पोहोचू न देणारी काही औषधे, जी प्रथम सांधेदाहासाठी वापरात आली, ती आता हट्टी त्वचा-स्नायुदाहाच्या रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जात आहेत.

एक गैरसमज

२०२० व २०२१ या करोना साथीच्या वर्षांत बोटाला लावून प्राणवायूचे प्रमाण दाखविणारे लहान यंत्र घरोघरी पोहोचले. त्यामुळे 'प्राणवायू कमी' असे ऐकताच नळकांड्यातून प्राणवायू घेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. स्नायुदाहाच्या बाबतीत हा विचार दिशाभूल करणारा ठरेल.

हे यंत्र मोठ्या रक्तप्रवाहातील प्राणवायू मोजते. कतारगामच्या जलशुद्धीकरण केंद्रातील टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी एखाद्या गल्लीतील नळवाहिनी फुटली असेल तर तेथील शेवटच्या घराचा नळ कोरडाच राहणार. टाकीतील पातळी पाहून त्या घराची स्थिती कळत नाही आणि टाकीत आणखी पाणी ओतून ते घर भिजत नाही. त्याचप्रमाणे यंत्रावर अठ्ठ्याण्णवचा आकडा दिसत असतानाही स्नायूतील तंतू प्राणवायूस मुकलेले असू शकतात. फुप्फुसे ठीक असताना विकत घेतलेला प्राणवायू त्यांना तारीत नाही; वाहिन्यांवरील आघात थांबविणे हाच उपाय असतो. मात्र या रोगात काही रुग्णांच्या फुप्फुसांनाही बाधा होते. अशा वेळी यंत्रावरील आकडा खरोखरच घसरतो आणि ती तातडीने रुग्णालयात नेण्याची खूण समजावी.

निदान कसे होते

रक्तातील 'सीपीके' ही तपासणी सर्वसाधारण प्रयोगशाळेतही होऊ शकते. स्नायू मोडू लागले की हे विकर रक्तात उतरते. निरोगी माणसात त्याचा आकडा सामान्यतः दोनशेच्या आत असतो. स्नायुदाहात तो कित्येक हजारांवर जाऊ शकतो. परंतु त्वचा-स्नायुदाहाच्या काही रुग्णांत तो वाढत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्यानंतर स्नायूंची विद्युत्-तपासणी, चुंबकीय चित्रण, रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची तपासणी व आवश्यक तेथे स्नायूचा लहानसा तुकडा काढून तपासणे, अशा क्रमाने निदान पक्के केले जाते.

दुबळेपणाची इतर कारणे वगळणेही तितकेच महत्त्वाचे असते. थायरॉइड ग्रंथीची मंदता, 'ड' जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता, रक्तातील पोटॅशियम घटणे, चरबी कमी करण्याची काही औषधे आणि अनुवंशिक स्नायुविकार यांतही खांदे व मांड्या दुबळ्या होतात. यांपैकी काही कारणे साध्या उपचाराने बरी होतात. प्रौढ रुग्णास त्वचा-स्नायुदाह झाल्यास शरीरात कोठे कर्करोग दडलेला नाही ना, याचीही तपासणी वैद्य करतात, कारण या दोन रोगांचा संबंध अनेकदा आढळला आहे.

सुरतेत असलेल्यांना तेथील नवे सिव्हिल रुग्णालय व महानगरपालिकेचे 'स्मीमेर' रुग्णालय, तर खानदेशातील रुग्णांना धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही प्राथमिक चौकशीची ठिकाणे होत. लखनौ येथील संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत या रोगाच्या भारतीय रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे कार्यही झाले आहे.

उपचार आणि सावधगिरी

स्टेरॉइड हे उपचाराचे पहिले पाऊल असते. त्यासोबत मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन यांसारखी प्रतिकारयंत्रणेस आवर घालणारी औषधे दिली जातात. शिरेतून द्यावयाच्या प्रतिपिंडांचा प्रयोग त्वचा-स्नायुदाहाच्या ९५ प्रौढ रुग्णांवर करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळाव्या आठवड्यास औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ७९ रुग्णांत सुधारणा दिसली. नुसते द्रावण घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ४४ होते. हा उपचार महाग असल्याने तो सर्वांना परवडत नाही. महाराष्ट्रातील रुग्णांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटून आपल्या बाबतीत कोणता लाभ मिळू शकतो, याची विचारपूस अवश्य करावी.

औषधांच्या बाबतीत चार गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

(१) स्टेरॉइडच्या गोळ्या बरे वाटू लागताच स्वतःहून बंद करू नयेत. त्या एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे काम वैद्याचे आहे.

(२) सांधेदाह व स्नायुदाह यांसाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यास प्राणघातक विषबाधा होते. घरातील साक्षर व्यक्तीने वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

(३) ही औषधे चालू असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आपल्याकडे क्षयरोग आजही आढळत असल्याने उपचारापूर्वी त्याची तपासणी करून घ्यावी आणि ताप वा खोकला रेंगाळल्यास दुर्लक्ष करू नये.

(४) कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ये-जा करणाऱ्यांनी तपासण्यांचे कागद व औषधांची यादी सदैव जवळ बाळगावी. सणासाठी किंवा पेरणीसाठी गावी आल्यावर औषध संपले आणि चिठ्ठी सुरतेतच राहिली, एवढ्या कारणाने उपचारात खंड पडता कामा नये.

व्यायाम शत्रू नव्हे

पूर्वी या रुग्णांना पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला जात असे. दुखावलेल्या स्नायूस काम दिले तर तो अधिक मोडेल, अशी भीती त्यामागे होती. १९९० च्या दशकापासून ऑस्ट्रिया व स्वीडन येथे झालेल्या अभ्यासांनी ही भीती अनाठायी ठरविली. २००७ साली स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतून आलेल्या अहवालानुसार जुन्या रुग्णांच्या स्नायूंत प्राणवायूच्या आधारे दमदारपणे काम करणाऱ्या तंतूंचे प्रमाण कमी होते. बारा आठवड्यांच्या नियमित, सौम्य व्यायामानंतर ते वाढलेले आढळले. नंतरच्या अभ्यासांत व्यायामाने जनुकांच्या नोंदवहीतही अनुकूल बदल होतो, असे दिसून आले. अर्थात हा व्यायाम औषधोपचार सुरू झाल्यावर, भौतिकोपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली व रुग्णाच्या शक्तीनुसारच झाला पाहिजे. रोग भरात असताना हट्टाने बैठका काढणे इष्ट नव्हे.

गावाचे व शाळेचे कर्तव्य

हा रोग प्रथम ओळखण्याची संधी बहुधा डॉक्टरांपेक्षा शिक्षकांना, आशा कार्यकर्तीला, मुकादमाला किंवा घरच्या माणसांनाच मिळते. काल-परवापर्यंत कवायतीत पुढे असणारा विद्यार्थी आता उठताना बाकाचा आधार घेतो, मधल्या सुट्टीत खेळावयास जात नाही, दप्तर खांद्यावर घेण्यास मित्राची मदत मागतो. अशा मुलास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या पापण्या व बोटांची पेरे पाहावीत आणि पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. कारखान्यात एखाद्या कारागिराचे काम मंदावले, तर त्याला हात डोक्यावर उचलून धरण्यास व हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्यास सांगणे, एवढी साधी परीक्षाही पुष्कळ काही सांगून जाते. 'ताकदीचे इंजेक्शन' किंवा सलाईन घेऊन दोन महिने घालविणे, हा मात्र वेळ व पैसा या दोहोंचा अपव्यय होय.

घास गिळताना ठसका लागणे, पाणी नाकावाटे परत येणे, आवाज बदलणे अथवा थोड्याशा श्रमाने धाप लागणे, ही लक्षणे दिसताच एक दिवसही थांबू नये.

पेशीतील प्राणवायूची मोजणी आणि जनुकांची नोंदवही हे विषय दूरदेशीच्या प्रयोगशाळांतील वाटले, तरी त्यांचा निष्कर्ष शेतकऱ्यास नवा नाही. चारी फुटली की टोकाचे शेत आधी वाळते, आणि पीक करपून गेल्यावर सोडलेले पाणी निरुपयोगी ठरते. कतारगामच्या घंटीवर बसणारा कारागीर असो, उधन्याचा विणकर असो की नवापूरच्या शाळेतील विद्यार्थी असो, त्याचे स्नायू हेच त्याचे भांडवल आहे. त्याच्या दुबळेपणाची दखल वेळेवर घेतली गेली, तर त्या भांडवलाचे रक्षण करण्याची साधने आज वैद्यकशास्त्राजवळ आहेत.